प्रयोगशाळेपासून पाड्यापर्यंत : डॉ. कमल रणदिवे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने एका शास्त्रज्ञ बाईंचे चरित्र लिहायला घ्यावे, याचे वाचकांना नवल वाटेल. जीवशास्त्राचे पुस्तक मी दहावीनंतर उघडलेले नाही. परंतु हा लेख लिहिण्याचे कारण पुस्तकात नाही. ते आमच्या सिल्वासात आहे.

वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही दादरा-नगर हवेलीत राहतो. मी तेथे मराठी शाळेत शिकले, कन्नड आईच्या तोंडून शिकले, आणि बारावीनंतर आजोळी राहून या कॉलेजात दाखल झाले. सिल्वासात आमच्या घरी जवळच्या पाड्यावरून एक कोकणा बाई भाजी घेऊन येत असे. आम्ही तिला मावशी म्हणत असू. तिच्या छातीत गाठ झाली होती. दुखत नव्हती म्हणून तिने ती कोणाला सांगितली नाही, आणि लाज वाटली म्हणूनही सांगितली नाही. वर्षभर ती गाठ पदराआड राहिली. आईच्या लक्षात आले तेव्हा काखेतही गाठी आल्या होत्या. वापीहून गाडीने मावशीला परळला नेले. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. फॉर्म भरण्यासाठी मला बरोबर घेतले होते. रोग हाडांपर्यंत गेला आहे, असे तेथे कळले. पुढच्या पावसाळ्यात मावशी गेली.

न दुखणारी एक गाठ छातीतून हाडापर्यंत पोचते कशी, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्या मागे लागले असता मला डॉ. कमल रणदिवे हे नाव भेटले. मावशीला घेऊन आम्ही ज्या परळला गेलो होतो, त्याच परळला या बाईंनी आपले उभे आयुष्य कर्करोगाच्या पेशी पाहण्यात घालवले होते.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलीने डॉक्टर व्हावे, डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा. हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन फर्ग्युसनमधून पदवी मिळविली आणि पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजची वाट धरली. सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशींवर त्यांनी एम. एस्सी.चे काम केले. १९३९ साली त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी झाला. पतीने शिक्षणात साथ दिली. त्या काळी लग्नानंतर मुलीची वह्या-पुस्तके माळ्यावर जात. कमलताईंची उलट मुंबईत गेली.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे रोगविज्ञानातील मोठे नाव. चालीरीतींचा व कर्करोगाचा संबंध त्यांनी शोधला होता. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या घर्षणाने होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी दाखवून दिला. असा गुरू कमलताईंना लाभला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. घेतली, आणि त्यांच्याच प्रोत्साहनाने त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

ही प्रयोगशाळा साधी नव्हती. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतील पेशी तेथे काचेच्या नळीत वाढू लागल्या, आणि त्या पेशींचा वंश आजही जगभर वाढतो आहे. बाई त्याच वर्षी वारल्या. आपल्या पेशी घेतल्या गेल्याचे त्यांना कोणी विचारले नव्हते, सांगितलेही नव्हते. शास्त्राच्या प्रगतीत अशीही एक न फेडलेली उधारी आहे, हे विसरू नये.

शरीराबाहेर पेशी जगविण्याची विद्या घेऊन कमलताई मायदेशी परतल्या. पेशीला योग्य ऊब हवी, अन्न हवे, आणि एकही जंतू शिरता कामा नये. त्यासाठी लागणारे पोषक द्राव आपल्याकडे सहज मिळत नसत. १९६० नंतरच्या वर्षांत कमलताईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते येथेच तयार केले. खानोलकरांनी उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा थाटली, तीही देशात अशी सोय नसताना.

त्यांचे दुसरे मोठे काम उंदरांवरचे. उंदरांच्या काही वंशांत बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो, काहींत क्वचितच. रोग होणाऱ्या वंशाची पिले दुसऱ्या वंशाच्या मादीच्या दुधावर वाढविली तर रोग घटतो, हे अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ साली दाखविले होते. दुधावाटे जाणारा तो घटक म्हणजे विषाणू, हे पुढे कळले. पण एकटा विषाणू पुरत नाही. उंदराचा वंश कोणता, अंगातील संप्रेरकांची स्थिती काय, यांवरही रोग अवलंबून असतो. संप्रेरके, विषाणू आणि रोगाकडे असलेला कल यांचा परस्परसंबंध उलगडण्यात कमलताईंचा मोलाचा वाटा आहे. (वाचक भगिनींनी गैरसमज करून घेऊ नये. ही गोष्ट उंदरांची आहे. मूल अंगावर पाजल्याने आईला या रोगाचा धोका उलट कमीच होतो.)

माझ्या प्रश्नाचे उत्तरही मला या वाचनातच मिळाले. कर्करोगाची पेशी थांबणे विसरलेली असते. ती वाढत राहते, आणि काही पेशी मूळ गाठीपासून सुटून लसिकावाहिन्यांतून काखेत व रक्तातून हाडांत, फुप्फुसांत, यकृतात जाऊन बसतात. तेथे त्यांची नवी वसाहत होते. गाठ लहान असताना, पेशी सुटण्यापूर्वी काढली, तर बाई बरी होण्याचा पुष्कळ संभव असतो. दुखत नाही म्हणून थांबणे हीच घातक चूक. मावशीने नेमकी तीच केली होती, कारण हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

१९६६ ते १९७० या काळात कमलताईंनी संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालिका म्हणून कारभार पाहिला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांचे मूलभूत काम पुढे लस तयार करण्यास उपयोगी पडले. दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. १९७३ साली त्यांनी इतर सहकारी भगिनींसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

एवढे झाल्यावर कोणीही स्वस्थ बसले असते. कमलताई मात्र नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूरच्या आसपासच्या आदिवासी वाड्यांवर गेल्या. मुलांचे पोषण कसे होते याची त्यांनी पाहणी केली, आणि तेथल्याच स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्याचे काम हाती घेतले. ज्या नजरेने पेशी निरखल्या, त्याच नजरेने त्यांनी कुपोषित मुले निरखली. ११ एप्रिल २००१ रोजी त्या निवर्तल्या. त्या वेळी माझा जन्मही झालेला नव्हता.

सर्व वाचून झाल्यावर मला वाटले, त्यांच्या आयुष्यातील मोठे काम कोणते? पुरस्कार देणारे प्रयोगशाळेकडे बोट दाखवतील, आणि ते रास्तच आहे. पण माझे मन राजूरकडे जाते. परळला ज्ञान होते, औषध होते, शस्त्रक्रिया होती. आमच्या पाड्यापासून वापीचे स्टेशन फार दूर नाही, आणि तेथून मुंबईची गाडी मिळते. तरी ते ज्ञान मावशीपर्यंत वर्षभर पोचले नाही. मधे पाड्यातलीच, तिच्या बोलीत बोलणारी, लाज न वाटता जिच्याजवळ पदर बाजूला करता येईल अशी एक बाई हवी होती. कमलताई राजूरला तशाच बाया घडवीत होत्या.

आमच्या जमाखर्चाच्या वहीत पान संपले की बाकी पुढच्या पानावर नेतात. खानोलकरांची बाकी कमलताईंनी पुढे नेली. कमलताईंची बाकी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ नेतच आहेत. पाड्यावरची बाकी मात्र कोणाच्या पानावर आहे, हे आपण आपल्यालाच विचारावे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले होते. आता मावशीची सून भाजी घेऊन येते. आईने तिला ओट्यावर बसवून चहा दिला, आणि मी तिला गाठीची गोष्ट सांगितली. ती आधी लाजली, मग हसली, मग गप्प होऊन ऐकू लागली. जाताना तिने विचारले की पाड्यावर येऊन बाकीच्या बायांनाही सांगशील का. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जाणार आहे.