बूल गुरुजी

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंड देशातील लिंकन या शहरात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव जॉन व आईचे नाव मेरी ॲन असे होते. वडील बूट शिवण्याचे काम करत. घरची गरिबी होती. चार भावंडांत जॉर्ज सगळ्यांत मोठा होता.

वडिलांना बुटांपेक्षा दुर्बिणीचाच नाद फार. ते स्वतः दुर्बिणी बनवत आणि लोकांना आकाश दाखवत. मग दुकान कसे चालणार! पण जॉर्जला पहिले गणित त्यांनीच शिकवले. गावातल्या एका पुस्तकवाल्याने त्याला लॅटिन भाषा शिकवली. ग्रीक भाषा तो आपला आपणच शिकला. चौदा वर्षांचा असताना त्याने एका ग्रीक कवितेचे भाषांतर केले. ते पेपरात छापून आले. तेव्हा एका शिक्षकाला वाटले, एवढ्या लहान मुलाला हे येणारच नाही. पण ते खरेच जॉर्जने केले होते.

जॉर्ज सोळा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांचे दुकान बुडाले. आता घर कोण चालवणार? थोरला मुलगा म्हणून ते त्याच्यावर आले. तो डोंकास्टर या गावी शाळेत मास्तर म्हणून लागला. सोळा वर्षे म्हणजे आपल्याकडे अकरावीचे वय. त्या वयात तो मुलांना शिकवू लागला आणि पगारात आईवडील व भावंडे सांभाळू लागला. म्हणून आपण त्यांना आता बूल गुरुजीच म्हणू.

गुरुजी दिवसा शिकवत आणि उरलेल्या वेळी स्वतः शिकत. पुस्तके घ्यायला पैसे थोडे असायचे. म्हणून ते गणिताची पुस्तके घेत असे सांगतात. गोष्टीचे पुस्तक लगेच वाचून संपते, पण गणिताचे पुस्तक पुष्कळ दिवस पुरते. म्हणजे ते स्वस्तच पडले!

१८३४ साली, एकोणीस वर्षांचे असताना, त्यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. केंब्रिजच्या मोठ्या कॉलेजात जावे असे त्यांना फार वाटे. पण ते गेले असते तर घरी चूल कशी पेटली असती? म्हणून ते गेले नाहीत. पण त्यांनी शिकणे काही सोडले नाही. घरी बसून नवे गणित शोधून काढले व लिहून पाठवले. १८४४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. आयर्लंड देशात कॉर्क शहरी नवे कॉलेज निघाले. तेथे १८४९ साली गुरुजींना गणिताचे प्राध्यापक नेमले. त्यांच्याकडे कॉलेजची एकही पदवी नव्हती!

१८५४ साली त्यांचे मोठे पुस्तक निघाले. माणूस विचार करतो त्याचेसुद्धा गणित मांडता येते, असे त्यांनी त्यात दाखवले. ते कसे ते मी सोपे करून सांगतो.

मेंढ्यांच्या कळपातून पांढऱ्या मेंढ्या बाजूला काढा. आता त्या पांढऱ्यांतून परत पांढऱ्या काढा. काय होईल? तेवढ्याच राहतील. गुरुजींच्या पुस्तकातही पांढऱ्या मेंढ्या आहेत. निवडणे म्हणजे गुणणे असे त्यांनी मानले. मग असा अंक पाहिजे, की त्याला त्यानेच गुणले तरी तोच येईल. दोन दुणे चार, म्हणजे २ चालत नाही. तीन त्रिक नऊ, ३ पण चालत नाही. फक्त ० आणि १ हे दोनच चालतात. म्हणून गुरुजींच्या गणितात १ म्हणजे खरे आणि ० म्हणजे खोटे.

या गणितात तीन शब्द महत्त्वाचे आहेत. आणि, किंवा, नाही. विहिरीतून पाणी यायला विहिरीत पाणी हवे आणि लाईट हवी. दोन्ही पाहिजेत. भाकरी खायला कालवण किंवा चटणी, एक असले तरी भागते. लाईट नाही, तर इन्व्हर्टर चालू होतो.

१८५५ साली गुरुजींचे लग्न मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाले. एव्हरेस्ट शिखराला ज्यांचे नाव दिले, ते भारतातले मोजणी अधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीबाईंचे काका होते. गुरुजींना पाच मुली झाल्या.

१८६४ सालच्या नोव्हेंबरात फार पाऊस होता. गुरुजी घरून कॉलेजला दोन-तीन मैल चालत गेले. सगळे कपडे भिजले. तरी त्यांनी तास बुडवला नाही, ओल्या कपड्यांनीच शिकवले. मग त्यांना न्यूमोनिया झाला आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी ते वारले. वय फक्त ४९ होते. धाकटी मुलगी तर सहा महिन्यांची होती. मेरीबाई लंडनला गेल्या, नोकरी केली आणि मुली वाढवल्या. लहान मुलांना सुई-दोऱ्याने पुठ्ठ्यावर गणित शिकवायची युक्ती त्यांचीच. दोरे सगळे सरळ ओवायचे, पण दिसते छान गोल वळण.

गुरुजींच्या गणिताचा उपयोग काय, हे तेव्हा फार थोड्या लोकांना कळले. ७३ वर्षे गेली. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवले, की हे गणित विजेच्या बटणांना लागू पडते. एका तारेवर दोन बटणे एकामागे एक बसवली, तर दोन्ही दाबल्यावरच दिवा लागतो. ते झाले 'आणि'. दोन वेगळ्या तारांवर शेजारी शेजारी बसवली, तर कोणतेही एक दाबले तरी लागतो. ते झाले 'किंवा'. बटण चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. आजच्या कॉम्प्युटरमध्ये नखाएवढ्या तुकड्यावर अशी अब्जावधी बटणे असतात. ती बोटाने दाबावी लागत नाहीत, विजेनेच चालू-बंद होतात. मोबाईलमध्येही तसेच. बेरीज असो की चित्र, सगळे काम 'आणि', 'किंवा', 'नाही' यांवर चालते.

गुरुजींनी कॉम्प्युटर कधी पाहिला नाही. तरी त्यांचे गणित प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात आहे.

आपल्या गावातही कुणाच्या दादाची किंवा ताईची शाळा पैशामुळे सुटते. त्यांनी कामाला जावे लागले तरी पुस्तक सोडू नये, असे मला वाटते. बूल गुरुजींनी सोडले नाही. आलेल्या पालकांनी ही गोष्ट घरी जाऊन त्यांना जरूर सांगावी.

अशा या थोर गुरुजींना माझा नमस्कार.

इयत्ता ४ थी