समोर बसून ऐकायचे गंधर्वगान

गाणे ऐकण्यासाठी घराबाहेर पडण्याची हौस खान्देशला नवी नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतील तमाशाचे तंबू, गावोगावचे वहीगायन, लग्नाच्या वरातीपुढचा बँड अशा नाना रूपांनी येथील माणूस वाजते-गाजते संगीत समोर उभे राहून ऐकत आला आहे. या परंपरेतला एक धागा अभिजात संगीताशीही जोडलेला आहे. जळगावात जानेवारीच्या थंडीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. शहरातील खुल्या नाट्यगृहालाही बालगंधर्वांचेच नाव आहे. सांगली परिसरातील घराण्यात जन्मलेल्या आणि पुण्या-मुंबईत कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेल्या या कलावंताचा जळगावशी काय संबंध, असा प्रश्न नव्या पिढीतील श्रोत्याला पडू शकतो. त्याचे उत्तर त्यांच्या बालपणात आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. घराण्याचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील नागठाणे. वडील सतार वाजवीत, त्यामुळे सूर घरातच होता. मुलाचा गळा उपजत गोड, पण शाळेच्या अभ्यासात त्याचे मन फारसे रमेना. शिक्षणाच्या निमित्ताने नातलगांनी त्याला जळगावला आणले आणि तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्याची संगीताची तालीम सुरू झाली. एका ब्राह्मण घरातल्या मुलाने मुसलमान उस्तादांसमोर बसून ख्यालगायकीचे पहिले धडे घ्यावेत, ही त्या काळाच्या संगीतव्यवहारातील सहज गोष्ट होती. तेव्हा खान्देश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे होते. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खान्देशचे मुख्य ठिकाण बनले. कापसाच्या व्यापाराने आणि रेल्वेने या गावांत पैसा व माणसांची वर्दळ आणली होती. त्यापाठोपाठ गवई आणि नाटक मंडळ्याही येऊ लागल्या. लहानग्या नारायणच्या कानांवर पहिले शिस्तबद्ध संस्कार झाले ते अशा वाढत्या गावात.

पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले, असे परंपरेने सांगितले जाते. हे नाव पुढे त्याच्या मूळ नावापेक्षा मोठे झाले.

किर्लोस्कर नाटक मंडळीला त्या सुमारास स्त्रीभूमिकेसाठी गायक नटाची नितांत गरज होती. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले होते आणि त्यांची जागा भरून निघत नव्हती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे नारायणच्या गाण्याकडे लक्ष गेले होते. त्याला ऐकू कमी येई, म्हणून मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्याच्या कानांवर उपचार झाले ते महाराजांच्याच पुढाकाराने. गायकाचे सारे भवितव्य कानांवर अवलंबून असते, हे लक्षात घेतले म्हणजे या उपकाराचे मोल कळते. १९०५ मध्ये मिरजेला ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतलेच्या भूमिकेत नारायण रंगभूमीवर उभा राहिला. तेव्हा त्याचे वय सतरा होते. मंडळीत भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू लाभला आणि जळगावात पडलेल्या पायावर गायकीची भक्कम इमारत उभी राहिली.

त्यानंतरची पंचवीस वर्षे मराठी रसिक बालगंधर्वांना पाहण्यासाठी व ऐकण्यासाठी वाट वाकडी करून जात राहिले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या तान्ह्या मुलीचा मृत्यू झाला होता. प्रयोग रद्द झाला असता तर कोणी दोष दिला नसता. पण दूरदूरच्या प्रेक्षकांनी तिकिटे काढली आहेत, हे ध्यानी घेऊन त्यांनी भामिनीची भूमिका केली. प्रेक्षकांना ते मायबाप मानीत आणि हे नाते त्यांनी आयुष्यभर निभावले.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ मधील ‘स्वयंवर’ने नाट्यसंगीताला रागदारीचे वैभव दिले. या नाटकाच्या चाली भास्करबुवांच्या होत्या. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तील सिंधू आली. भरजरी शालू नेसणारे गंधर्व त्या भूमिकेत फाटक्या लुगड्यात वावरले आणि तरीही प्रेक्षकांचे डोळे त्यांच्यावरून हलले नाहीत.

त्या काळी ‘गंधर्वांच्या नाटकाला जाणे’ म्हणजे काय, हे आज सांगून कळणे कठीण आहे. नाटक रात्री सुरू होई आणि एकेका पदाला वन्समोअर मिळत गेल्याने पहाटेपर्यंत लांबे. साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला. अहमदजान थिरकवाँसारखा अव्वल दर्जाचा तबलावादक या मंडळीत साथीला होता. मैफलीत ज्यांना ऐकण्यासाठी राजेरजवाड्यांची निमंत्रणे लागत, असे वादक नाटकाच्या तिकिटावर सामान्य माणसाला ऐकायला मिळत. प्रत्येक वन्समोअरला पद नव्या अंगाने फुलत असे आणि आजचे गाणे उद्याच्यासारखे नसे. नाटक मंडळ्यांचे दौरे रेल्वेच्या वाटेने खान्देश आणि वऱ्हाडातही होत. अशा मुक्कामांमुळे दूरच्या जिल्ह्यांतील वकील, व्यापारी आणि कारकुनांनाही रागसंगीताची गोडी लागली. आज जिल्ह्याच्या गावी जो जाणता श्रोता आढळतो, त्याच्या घडणीत नाटकाच्या तंबूचा मोठा वाटा आहे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. प्रतिस्पर्धी ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांना ईर्ष्येची झुंज अपेक्षित होती, प्रत्यक्षात दोन थोर गायकांनी एकमेकांना खुलवले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केशवरावांचे अकाली निधन झाले आणि तो योग पुन्हा येणे नव्हते.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. बालगंधर्वांना हिशेब कळत नव्हता, असे म्हणणे सौम्य ठरेल. अस्सल शालू, गालिचे, अत्तरे, मोठा परिवार आणि ‘द्रौपदी’तील मयसभेसारखे अवाढव्य खर्चाचे देखावे यांनी मंडळी कर्जाच्या खाईत गेली. ते कर्ज त्यांनी प्रयोगांमागून प्रयोग करून, गळ्याच्या बळावर फेडले. पण त्या प्रसंगातून व्यवहाराचा धडा मात्र घेतला नाही.

१९३१-३२ मध्ये बोलपट आला आणि प्रेक्षकांची पावले चित्रपटगृहांकडे वळली. कमी पैशांत आणि तीन तासांत करमणूक होऊ लागल्यावर रात्रभराचे नाटक महाग वाटू लागले. बालगंधर्वांनीही प्रभात कंपनीशी भागीदारी केली आणि १९३५ च्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांची भूमिका केली. पण ही भागीदारी एका चित्रपटापुढे गेली नाही. कॅमेऱ्यासमोर मायबाप नव्हते. पद संपल्यावर दाद नव्हती, वन्समोअर नव्हता, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून सुचणारी पुढची जागाही नव्हती. ते पुन्हा रंगभूमीकडे परतले, परंतु वय आणि काळ दोन्ही उलटले होते. उतारवयात त्यांचे पाय गेले, तरी भजने गाणे थांबले नाही. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान लाभले. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली, मात्र ती वास्तू पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाही. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले आणि रंगमंदिर पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मदिनी खुले झाले.

बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आज सहज ऐकता येतात. पण त्या प्रत्येकी सुमारे तीन मिनिटांच्या आहेत. ज्या गाण्याने रात्रीची पहाट केली, त्याचा तो केवळ कवडसा आहे. उरलेले सारे ज्यांनी समोर बसून ऐकले त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या आयुष्याचा अर्थ शोधायचा तर तो इथे सापडतो. ही कला गाणाऱ्याच्या गळ्याइतकीच ऐकणाऱ्याच्या उपस्थितीवर जगली आणि उपस्थिती ओसरली तेव्हा तिचे वैभवही ओसरले.

म्हणूनच जानेवारीतल्या त्या रात्री जळगावच्या सभागृहात भरलेल्या खुर्च्यांना महत्त्व आहे. धुळ्याच्या नाट्यगृहाला शाहू महाराजांचे नाव आहे, जळगावच्या रंगमंचाला बालगंधर्वांचे. एकाने त्या मुलाचे कान जपले आणि दुसऱ्याने त्या कानांवर पडलेले सारे महाराष्ट्राला परत दिले. ही नावे पाटीवर ठेवून भागत नाही. एखाद्या नव्या गायकाच्या मैफलीला, अनोळखी वादकाच्या कार्यक्रमाला तिकीट काढून जाणे, हेच त्यांचे खरे स्मरण. मेहबूबखाँसमोर बसलेला तसा एखादा मुलगा आजही खान्देशातल्या कुठल्या गल्लीत सूर घोटत असेल. तो मोठा होईल तेव्हा त्याच्यासमोर श्रोते बसलेले असावेत, एवढी जबाबदारी तर आपली आहेच.