लक्ष्मीबाई, टिळक आणि दत्तू
(द्वितीय वर्ष, कला)

'स्मृतिचित्रे'तला एखादा धडा आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेला आहे. सोवळ्याने पछाडलेले वडील आणि लहरी टिळक यांच्या गमती वाचून वर्गात हशाही पिकलेला असतो. परंतु आईबाप वेगळे झाले म्हणजे लहान मुलाचे काय होते, याचीही हकिकत त्याच पुस्तकात आहे. तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या मनकर्णिका गोखले. १८८० साली, अकरा वर्षांच्या असताना, नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळक विद्वान, कवी आणि कमालीचे भटके. एका गावी बिऱ्हाड म्हणून टिकत नसे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती सासरीच. आधी पोटची मुले गेल्याचे दुःख त्यांनी सोसले होते, म्हणून दत्तूवर त्यांचा सारा जीव.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. बहीण भिकुताई आणि तिचे यजमान नानासाहेब पेंडसे यांनी मायलेकरांना पंढरपूरला आपल्या घरी ठेवून घेतले. नवरा जिवंत असून बाई एकटी, पदरी लहान मूल आणि स्वतःची कमाई शून्य!

मुलावर हक्क कोणाचा? १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचे हक्क शाबूत ठेवले होते, आणि १८९० चा पालक व पाल्य कायदाही बापालाच झुकते माप देणारा होता. आईचे नाव त्यात मागाहून. टिळक कोर्टात गेले असते तर दत्तू हातचा जाण्याची भीती खरीच होती. (आज हे उलटे झाले आहे. १९५६ च्या कायद्याप्रमाणे हिंदू धर्म सोडणारा बाप मुलाचा नैसर्गिक पालक राहत नाही, आणि पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईजवळ राहते. टिळकांच्या बाबतीत तोही न्याय झाला असता असे मला वाटत नाही.) बायकोमुलांना महिना पन्नास रुपयांपर्यंत पोटगी देवविण्याची तरतूद १८८२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. पण कचेरीची पायरी चढणार कोण? आमच्या मढलाही नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई वकील गाठत नाही, मासळीची पाटी उचलते.

शिवाय १८६६ चा एक कायदा असा होता की, जोडीदार नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्याला लग्न मोडून घेता येई. टिळकांनी ते केले नाही. दुसरी बायको केली नाही, मुलासाठी कज्जा मांडला नाही. मला टिळकांच्या कवितांपेक्षा त्यांची ही गोष्ट मोठी वाटते. अर्थात ज्या बाईला न विचारता संसार मोडला गेला, तिचे हाल त्यामुळे कमी झाले नाहीत. विरहात तिने कविता केल्या, आणि मूल मात्र उराशी घट्ट धरले.

चारपाच वर्षांनी ताटातूट संपली. नगरला आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे एकदम सोडले नाही. नवऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते! आमच्या मढ-एरंगळकडे हिंदू आणि ख्रिस्ती एकमेकांच्या शेजाराने राहतात, त्यामुळे हा भाग वाचताना मला गंमत वाटली आणि वाईटही वाटले. जात माणसानेच निर्माण केली, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, टिळकांनी पटवले म्हणून नव्हे. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे या घरात कितीतरी पोरक्या मुलांना आसरा मिळाला.

टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचे चरित्र लिहायला निघाला, तेव्हा आठवणी लिहून दे म्हणून तो आईच्या मागे लागला. त्या लिखाणातून 'स्मृतिचित्रे' उभी राहिली. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, आणि १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या.