मातीचा विद्यार्थी

मुलांनो, उन्हाळ्याच्या तोंडावर मुकुटबनच्या शिवारात एक चक्कर मारा. कापूस वेचून झालेला असतो. वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या दिसतात. त्यांतल्या काही चुलीत जातात, काही शेतातच पेटवल्या जातात. याच पऱ्हाट्यांत शेताचे धन पाहणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ही गोष्ट आहे.

त्यांचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. त्यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. १९०५ साली ते भारतात आले आणि बिहारमधील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत काम करू लागले. ते आले होते शिकवायला; पण आसपासच्या शेतकऱ्यांची निरोगी पिके पाहून त्यांनी त्या शेतकऱ्यांनाच आपले गुरू मानले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघे मिळून काम करत.

१९२४ साली हॉवर्ड इंदूरला आले. तेथील जमीन आपल्यासारखीच काळी, कापसाची. पहिले महायुद्ध संपल्यावर दारूगोळ्यासाठी उभारलेले काही कारखाने रासायनिक खते बनवू लागले होते. हॉवर्ड यांना ही वाट धोक्याची वाटली. अशा खताने पिकाचे पोट भरते, पण माती उपाशी राहते, असे त्यांचे मत होते.

मग मातीला खाऊ काय घालायचे? शेण थोडे, आणि त्याच्याही गोवऱ्या होत. हॉवर्ड यांनी शेतातील रस्त्यावर पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या पसरल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा झाला. तो चुरा, पालापाचोळा, थोडे शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर त्यांनी खड्ड्यात रचले. वर पाणी शिंपडले आणि ढीग अधूनमधून खालीवर केला. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार झाले. हीच इंदूर पद्धत. १९३१ साली हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. मग ही पद्धत अनेक देशांत पोहोचली. हॉवर्ड १९४७ साली वारले.

आता आपल्या शेताकडे पाहा. युरिया टाकला की पीक लवकर हिरवेगार होते, हे खरे. पण वर्षानुवर्षे केवळ त्याच्याच भरवशावर राहिले आणि शेणखत, पालापाचोळा काहीच दिले नाही, तर मातीतील सेंद्रिय अंश घटतो. माती कडक होते आणि पाणी धरून ठेवत नाही. जास्तीचे खत पावसाबरोबर झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरते. खताचा खर्च मात्र दरवर्षी करावाच लागतो. म्हणून माती तपासून, लागेल तेवढेच रासायनिक खत द्यावे आणि त्याला सेंद्रिय खताची जोड द्यावी.

मुलांनो, पऱ्हाट्या जाळल्या तर मुठीत उरते राख. त्याच कुजवल्या तर तयार होते मातीचे अन्न. यंदा तुमच्या बांधावरील पऱ्हाट्यांचे काय होणार आहे? आज घरी गेल्यावर अब्बांना नक्की विचारा.