मुख्यमंत्रिपद सोडले, राज्यपाल झाले, तेही सोडले! वसंतदादांचा प्रवास नेमका कसा होता?

सक्रिय राजकारणातून बाजूला झालेल्या ज्येष्ठ नेत्याला राज्यपाल म्हणून दुसऱ्या राज्यात पाठवण्याची पद्धत जुनीच आहे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाची अनेकदा शपथ घेतलेले वसंतदादा पाटील हे त्याचे ठळक उदाहरण. १९८५ मध्ये मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा देणारे दादा त्याच वर्षी राजस्थानचे राज्यपाल झाले. हे कसे घडले?

तुरुंग फोडणारा तरुण

१३ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या दादांचे आईवडील ते लहान असतानाच गेले. सांगलीजवळच्या पद्माळे गावात आजीने त्यांना वाढवले. शिक्षण थोडेच झाले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि पकडले गेले. २४ जुलै १९४३ रोजी ते सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात दोन सहकारी हुतात्मा झाले, तर दादांच्या खांद्यात गोळी घुसली. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली.

सहकारातून सत्तेकडे

१९५२ मध्ये ते सांगलीतून आमदार झाले. मात्र त्यांची खरी ताकद उभी राहिली ती सहकारात. सांगलीच्या शेतकरी सहकारी साखर कारखान्याने ऊस उत्पादकांना हक्काचा कारखाना दिला आणि दादांना गावोगावी कार्यकर्ते. पुढे ते पाटबंधारे मंत्री झाले. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला फटका बसला, शंकरराव चव्हाण पायउतार झाले आणि दादा मुख्यमंत्री झाले.

सरकार का पडले?

१९७८ मध्ये कोणालाच बहुमत मिळाले नाही. दोन्ही काँग्रेसने मिळून सरकार बनवले. दादा मुख्यमंत्री, तर इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. काही महिन्यांतच मंत्रिमंडळातले शरद पवार आमदारांसह बाहेर पडले. जुलैमध्ये सरकार गेले आणि पवार मुख्यमंत्री झाले.

दादा फेब्रुवारी १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. ग्रामीण भागात अभियंते तयार होऊ लागले, पण शिक्षण महागल्याची आणि संस्था पुढाऱ्यांच्या हाती गेल्याची टीकाही झाली. तो वाद आजही सुरू आहे.

जयपूरला का जावे लागले?

मार्च १९८५ ची विधानसभा निवडणूक काँग्रेसने जिंकली. मात्र दिल्लीतील पक्षनेतृत्वाने प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केले. हे दादांना मान्य नव्हते. जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबरमध्ये दादा जयपूरच्या राजभवनात दाखल झाले.

राज्यपालाला बहुतेक निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच घ्यावे लागतात. आयुष्यभर कार्यकर्त्यांच्या गराड्यात राहिलेल्या नेत्यासाठी हे काम अगदीच वेगळे. तरीही एक महत्त्वाचा क्षण त्यांच्या वाट्याला आला. सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानातील देवराळा गावात सतीची घटना घडली आणि देश हादरला. विधिमंडळाचे अधिवेशन नसताना कायदा करायचा तर राज्यपालांचा अध्यादेश लागतो. १ ऑक्टोबर १९८७ रोजी सती प्रतिबंधक अध्यादेश निघाला, तेव्हा राज्यपाल वसंतदादाच होते. पाठोपाठ केंद्रानेही कायदा केला.

पुढे काय झाले?

राज्यपालपदाची मुदत साधारण पाच वर्षांची. दादा दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच, ऑक्टोबर १९८७ मध्ये पायउतार होऊन महाराष्ट्रात परतले. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्याजवळच्या मांजरीतील साखर संशोधन संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पद मोठे असले तरी नेत्याचा जीव आपल्या माणसांतच रमतो, हे दादांच्या अखेरच्या वर्षांतून दिसते. म्हणूनच महाराष्ट्रात त्यांना माजी राज्यपाल म्हणून फारसे कोणी ओळखत नाही. सांगलीकरांसाठी ते आजही फक्त दादा आहेत.