पहिल्या पडद्यामागचे घर

आपल्या अमरावती-अकोल्याकडे पत्ता विचारला, की माणसे अजूनही टॉकीजची खूण सांगतात. या साऱ्या टॉकीजची कुळकथा मला मुंबईत, गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात सापडते. ३ मे १९१३ रोजी तेथे ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट मानला जातो.

त्याचे कर्ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे जन्मले. ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून आपले देव पडद्यावर आणण्याचा त्यांनी ध्यास घेतला. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके तारामती झाले. पत्नी सरस्वतीबाईंनी सर्व मंडळींचा स्वयंपाक केला, शिवाय फिल्म धुण्याचे कामही केले.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब निवर्तले. कॉरोनेशनही आज उरलेले नाही. त्यांच्या नावाचा पुरस्कार मात्र १९६९ पासून दिला जातो. सरस्वतीबाई आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत?

गावाकडे सिनेमाला रिकामटेकड्यांचा नाद म्हणतात. मला त्यामागे एका जोडप्याने पणाला लावलेला संसार दिसतो.