मलिक अंबर

वेरूळच्या लेण्यांपासून थोड्या अंतरावर, डोंगराच्या माथ्यावर खुलताबाद हे गाव वसलेले आहे. तेथील अनेक कबरींमध्ये घुमट असलेली एक जुनी कबर आहे. तिच्यात जो पुरुष चिरनिद्रा घेत आहे, त्याचा जन्म मात्र समुद्रापलीकडे, आफ्रिका खंडातील हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला.

इ. स. १५४८ च्या सुमारास जन्मलेल्या या मुलाचे बालपणीचे नाव चापू असे होते. अजाण वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. त्या काळी माणसांचे बाजार भरत आणि गुरांप्रमाणे त्यांची किंमत ठरे. अरबस्तानातील मोखा बंदरातून हा मुलगा बगदादला गेला. तेथे मीर कासीम नावाच्या धन्याने त्याला लिहावाचायला शिकवले, कारभाराचे धडे दिले आणि अंबर हे नाव दिले. विद्या मिळाली, पण स्वातंत्र्य मिळाले नाही! पुढे तो पुन्हा विकला गेला आणि दक्षिणेत अहमदनगरच्या निजामशाहीत आला. त्याला विकत घेणारा पेशवा चंगीझखान हाही एके काळी गुलाम असलेला हबशीच होता. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबराला मुक्त केले.

आता तो आपल्या मनाचा धनी झाला. पण जवळ ना घर, ना जहागीर. त्याने तलवार हाती धरली. काही वर्षे विजापूरकरांची चाकरी करून त्याने मलिक ही पदवी मिळवली आणि मग पुन्हा अहमदनगरची वाट धरली. तेथे प्रथम त्याच्या हाताखाली अवघे १५० स्वार होते.

इ. स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही बुडाली असेच सर्वांना वाटले. परंतु अंबराने परांड्यास राजघराण्यातील मुर्तझाला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने स्वतः कारभार हाकला. आपला प्रतिस्पर्धी राजू याला त्याने कैद केले. सत्तेच्या या खेळात तो दयामाया पाहणारा नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

मोगलांच्या अफाट फौजेशी उघड्या मैदानात लढणे परवडणारे नव्हते. म्हणून त्याने चपळ मराठा स्वार हाताशी धरले. शत्रूची रसद तोडावी, रात्री छापा घालावा आणि डोंगरात दिसेनासे व्हावे, अशी त्याची रीत होती. जहांगीर बादशहा इतका चिडला, की त्याने एक चित्रच काढवून घेतले. त्यात भाल्याच्या टोकावर अंबराचे मस्तक असून बादशहा त्यावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही.

इ. स. १६१० मध्ये अंबराने खडकी येथे नवे शहर वसवले. तेथे पाण्याचे दुर्भिक्ष होते. त्याने उत्तरेकडील डोंगरांत झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीत गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर मातीच्या नळांतून शहरातील हौदांपर्यंत पोहोचवले. ना मोट, ना बैल! शेतकऱ्यांसाठी त्याने जमिनीची पाहणी करून तिचा कस ठरवला आणि त्याप्रमाणे सारा बसवला. मक्तेदारांची मनमानी थांबवली. ही पद्धत मलिकंबरी या नावाने ओळखली गेली.

इ. स. १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईत त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. तरी तो खचला नाही. इ. स. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एकत्र होऊन चालून आले, तेव्हा त्याचे वय सुमारे पंचाहत्तर वर्षांचे होते. अहमदनगरजवळ भातवडीस त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि दोन्ही फौजांचा धुव्वा उडवला. वेरूळच्या भोसल्यांचे शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच धारातीर्थी पडले.

इ. स. १६२६ मध्ये अंबराचा अंत झाला. त्यानंतर दहा वर्षांतच निजामशाही लयास गेली. खडकीचे नाव प्रथम फत्तेनगर झाले, मग औरंगाबाद आणि इ. स. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नहरीचे पाणी मात्र तीनशे वर्षांहून अधिक काळ शहराला मिळत राहिले. ज्या मोगल घराण्याशी अंबर जन्मभर झुंजला, त्यातील औरंगजेब बादशहाही इ. स. १७०७ मध्ये खुलताबादेतच, त्याच्या कबरीपासून फार दूर नव्हे, दफन झाला.